ऑफलोड चालू केलं, तरी सीपीयू थंड होईना

एका सर्व्हरवर ओपन व्हीस्विच (सॉफ्टवेअरमधला नेटवर्क स्विच), त्याच्या मागे डझनभर व्हर्च्युअल मशिन्स, आणि त्यांची पॅकेट्स इकडून तिकडे ढकलण्यातच दोन-तीन कोअर खर्ची पडत होते. 10 गिगाबिटच्या लिंकवर 64 बाइटची पॅकेट्स पूर्ण वेगाने आली, तर एका पॅकेटच्या वाट्याला जेमतेम 67 नॅनोसेकंद येतात. तेवढ्यात हेडर वाचायचं, फ्लो (पॅकेटचं काय करायचं याचा नियम) शोधायचा, पॅकेट पुढे धाडायचं. ऑफलोड करू शकणारं, म्हणजे हे काम सीपीयूऐवजी स्वतः उचलणारं नेटवर्क कार्ड आधीच बसवलेलं होतं. म्हटलं, आता हे ओझं त्याच्या गळ्यात घालू.

कार्ड स्विचडेव्ह मोडमध्ये (यात कार्डातलाच स्विच वापरता येतो) नेण्याआधी व्हर्च्युअल फंक्शन्स (मशिन्सना वाटून दिलेले कार्डाचे आभासी तुकडे) ड्रायव्हरपासून सोडवायची होती, म्हणजे मशिन्स बंद. एक रात्र त्यात गेली. मग प्रत्येक फंक्शनचा रिप्रेझेंटर पोर्ट (व्हीस्विचच्या बाजूचा त्याचा प्रतिनिधी) व्हीस्विचच्या ब्रिजला जोडला आणि हार्डवेअर ऑफलोडचं सेटिंग चालू केलं. ढिम्म! व्हीस्विच रीस्टार्ट केल्याशिवाय ते लागूच होत नाही, असं डॉक्युमेंटेशनमध्ये स्पष्ट लिहिलंय. मी ते नंतर वाचलं.

रीस्टार्टनंतरही सीपीयू तसाच तापलेला. टीसीचे (लिनक्स कर्नलची यंत्रणा, जिच्यामार्फत नियम कार्डाकडे जातात) फिल्टर काढून पाहिले, तर जवळपास प्रत्येक नियमाखाली 'नॉट इन एचडब्ल्यू', म्हणजे हार्डवेअरमध्ये नाही. खरा वैताग असा की ट्रॅफिक बिनबोभाट चालू होतं. कार्डाने नियम नाकारला की तोच नियम गुपचूप सॉफ्टवेअरमध्ये चालतो. पॅकेट पोचतं, ओपनफ्लोचे (स्विचला नियम देण्याचा प्रोटोकॉल) काउंटर वाढतात, नियम देणाऱ्या कंट्रोलरला सगळं आलबेल दिसतं. ड्रायव्हरचं व्हर्जन, फर्मवेअर, व्हीलॅन, सगळ्यांवर संशय घेऊन झाला.

शेवटी कर्नलचा लॉग नीट वाचला. दोन पोर्ट एकाच हार्डवेअर स्विचवर नाहीत, सबब फॉरवर्डिंग ऑफलोड होणार नाही, अशी ओळ पुन्हा पुन्हा येत होती. फ्लोच्या अ‍ॅक्शन्स पाहिल्या तर प्रत्येकात दोन आउटपुट. एक बरोबर; दुसरा पोर्ट 9. हा कुठला, ते आठवायला पाच मिनिटं लागली. मागे कधीतरी डीबगिंगसाठी मीच एक मिरर (पॅकेट्सची नक्कल दुसऱ्या पोर्टवर पाठवणारी सोय) लावला होता, टॅप पोर्टवर. पॅकेट्स मला दिसावीत म्हणून! टॅप म्हणजे निव्वळ सॉफ्टवेअर. कार्ड तिथे पॅकेट कसं पोचवणार? त्या एका आउटपुटपायी अख्खा नियम परत येत होता.

मिरर काढला. दोन मशिन्समध्ये पिंग लावला आणि रिप्रेझेंटरवर टीसीपीडम्प (येणारी-जाणारी पॅकेट्स दाखवणारं टूल). एक रिक्वेस्ट, एक रिप्लाय, आणि पुढे शुकशुकाट. पोटात गोळाच आला. पिंगच्या खिडकीत मात्र उत्तरं धडाधड येत होती: पहिलं जरा उशिरा, बाकीची झटपट. पहिलं पॅकेट वर व्हीस्विचकडे गेलं, फ्लो कार्डात उतरला, पुढची परस्पर कार्डातूनच निघून गेली. पिंग थांबवून दहा सेकंदांहून जास्त वाट पाहिली, पुन्हा लावला. तोवर फ्लो वापराविना पडून राहिल्याने काढला गेलेला, त्यामुळे पहिलं पॅकेट परत टीसीपीडम्पमध्ये हजर.