शिवलेली होडी

पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत, तराजूंच्या कपाटाच्या वरच्या फळीवर, एक पांढरी होडी ठेवलेली असे. १९८९ ते १९९१ या काळात आपल्या शाळेत असलेल्या बहुतेकांना ती आठवत असेल. ती मी आणि माझ्या वर्गातील दोन मित्रांनी मिळून केली होती. सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहावे असे पत्र आले, तेव्हा गुणपत्रिका, स्नेहसंमेलने आणि सहली यांच्या आधी मला ती होडीच आठवली, म्हणून तिच्याविषयीच लिहितो.

नववीत असताना कार्यानुभवाच्या तासाला पुठ्ठ्याच्या वस्तू करायच्या असत. आमच्या सरांना तो पुठ्ठा मुळीच आवडत नसे, कारण पावसाळ्यात तो मऊ पडतो आणि त्याची कड कधी नीट येत नाही. कोल्हापुरात दुकानांचे फलक करून देणाऱ्या एका कारागिराकडून त्यांनी पॉलिस्टायरिन या प्लास्टिकच्या पांढऱ्या पत्र्याचे उरलेले तुकडे आणले आणि आम्हा तिघांपुढे ठेवले. जाडी एक मिलिमीटर. हा पत्रा कात्रीने कापायचा नसतो. पोलादी पट्टी घट्ट धरून धारदार पात्याने दोन-तीन वेळा हलकी रेघ ओढायची, मग रेघेवर वाकवायचे; कट् असा आवाज होऊन तुकडा सरळ सुटतो. पहिल्याच रेघेला जोर लावला की पाते पट्टीवरून घसरते आणि तुकडा वाया जातो. सरांनी आम्हाला आठवडाभर फक्त रेघा ओढायला लावल्या, आणि ते योग्यच होते असे मला आजही वाटते.

काय करायचे हे ठरवताना कोणी विक्रांत सुचवली, कोणी शिवकालीन लढाऊ जहाज गुराब. सरांनी एकच अट घातली : जे आपल्याला स्वतः टेप लावून मोजता येईल तेच करायचे. मालवणात अशी वस्तू शोधावी लागत नाही. पावसाळ्यात दांडीच्या किनाऱ्यावर होड्या वर ओढून नारळाच्या झापांखाली शाकारून ठेवलेल्या असतात. त्यांतली रापणीची, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याची, एक जुनी होडी आम्हाला मोजायला मिळाली. लांबी तीस फूट, रुंदी चार फूट, बाजूला तोल सांभाळणारा लाकडी ओंडका, म्हणजे उलांडी. आणि तिच्या फळ्या खिळ्यांनी ठोकलेल्या नव्हत्या, काथ्याच्या दोरीने शिवलेल्या होत्या. आम्ही अर्ध्या इंचाला एक फूट, म्हणजे १:२४ असे प्रमाण धरले. तीस फुटांची होडी पंधरा इंचांची झाली, आणि एक इंच जाडीची फळी जवळजवळ बरोबर एक मिलिमीटरची. जणू तो पत्रा या होडीसाठीच आणला होता.

आमची पहिली होडी बिघडली. पठाण, म्हणजे होडीचा तळाचा कणा, मजबूत हवे म्हणून पत्र्याचे तीन थर एकमेकांवर चिकटवले. हा पत्रा फेव्हिकॉलने धरत नाही. द्रावक लावला की दोन्ही कडा किंचित विरघळतात आणि एकजीव होतात. सर स्वतः उभे राहून, व्हरांड्यात, वाऱ्याच्या बाजूला, ब्रशच्या टोकाने क्लोरोफॉर्म लावू देत. सांध्याला ब्रश नुसता टेकवला की द्रव आपोआप आत ओढला जातो. केशाकर्षण हा शब्द मला पाठ्यपुस्तकाच्या आधी तिथे कळला. थर चिकटवताना मात्र आम्ही द्रव भरपूर ओतला. पठाण त्या दिवशी सरळ होते, पण गणपतीच्या सुट्टीनंतर पाहतो तर केळ्यासारखे वाकलेले. मोठ्या पृष्ठभागांच्या मध्ये अडकलेल्या द्रावकाला बाहेर पडायला वाट मिळत नाही. तो आतल्या आत प्लास्टिक मऊ करत राहतो आणि मग आठवड्यांनी पत्रा आपला आकार सोडतो. मधल्या थराला बारीक भोके ठेवायची आणि द्रव जेमतेम लावायचा, हे तेव्हापासून मी कधी विसरलो नाही.

दुसरी चूक अधिक मोलाची होती. आम्ही आधी आडव्या वाकांचा, म्हणजे होडीच्या फासळ्यांचा, सांगाडा उभा केला आणि त्यावर फळ्या चढवू लागलो. फळ्या कुठेतरी फुगत, कुठेतरी आत जात. एके दिवशी सरांनी होड्या बांधणाऱ्या एका वयस्क सुतारांना शाळेत आणले. त्यांनी आमचे काम हातात घेऊन बराच वेळ पाहिले आणि म्हणाले, "बाळांनो, हे उलटे केलेत. आम्ही आधी फळ्या शिवतो, मग आत वाक बसवतो." शिवलेल्या होडीचा आकार सांगाड्यातून येत नाही, तो एका फळीची कड दुसरीला कशी भिडते यातून येतो. आम्ही सांगाडा मोडला. लाकडी ठोकळ्याचा साचा केला. पत्र्याच्या पट्ट्या मध्यावर रुंद आणि टोकांकडे निमुळत्या कापल्या, उकळत्या पाण्यात धरून मऊ केल्या आणि साच्यावर दोऱ्याने बांधून गार होऊ दिल्या. एक पट्टी डावीकडे, लगेच तिची जोडीदार उजवीकडे. एकच बाजू आधी पुरी केली तर होडीला पीळ पडतो. मग साचा काढून वाक बसवले. नाळेपासून, म्हणजे पुढच्या टोकापासून, मागच्या टोकापर्यंत पहिल्यांदाच रेषा कुठेही न अडखळता गेली, तेव्हा आम्ही तिघेही काही बोललो नाही.

शिवण सर्वांत वेळखाऊ ठरली. दर तीन इंचांना टाका, म्हणजे नमुन्यावर इंचाच्या आठव्या भागावर एक. एका सांध्याला दोन्ही फळ्यांची मिळून दोनशेवर भोके. गरम सुईने ती चटकन पडतात, पण भोकाभोवती प्लास्टिकचा ओठ उठतो आणि टाका बसत नाही, म्हणून सुई हातपकडीत धरून बोटांनीच फिरवायची. आईच्या शिवणाच्या डब्यातला तपकिरी दोरा मेणातून ओढून घेतला, म्हणजे त्याची लव बसते. दिवाळीची सुट्टी त्यात गेली.

नंतरचा भाग सरांनी पदार्थविज्ञानाच्या तासाला घेतला. पॉलिस्टायरिनचा तुकडा पाण्यात टाकला तर तो बुडतो. त्याची घनता पाण्याहून थोडी जास्त, १.०५ च्या आसपास असते. त्याचीच होडी मात्र तरंगते. खऱ्या होडीइतकीच ती पाण्यात बसायला हवी असेल तर तिचे वजन किती असावे, असा प्रश्न त्यांनी फळ्यावर लिहिला. लांबी चोविसाव्या हिश्श्याची, पण वजन चोवीसच्या घनाने, म्हणजे १३,८२४ ने भागायचे. होडीच्या तांडेलांच्या, म्हणजे नाखव्यांच्या, अंदाजाने होडी एक टनाची. उत्तर आले ७२ ग्रॅम. आमची होडी भरली ५५ ग्रॅम. जाळ्याला लावायच्या शिशाचे सतरा ग्रॅमचे तुकडे तळाशी ठेवले, उलांडी बांधली आणि शाळेच्या विहिरीच्या पाण्याने भरलेल्या घंगाळात ती सोडली. उलांडीशिवाय ती लगेच कलत होती. उलांडीसह ती शांत उभी राहिली. मग एका मुलाने विचारले की खाऱ्या पाण्यात ती थोडी वर येईल का. सरांनी दुसऱ्या दिवशी समुद्राचे पाणी आणवले आणि पेन्सिलीची खूण किंचित वर सरकलेली सर्वांना दाखवली.

आज मी पुण्यात यंत्रभागांच्या आरेखनाचे काम करतो आणि सुट्टीच्या दिवशी अजूनही याच पत्र्याच्या होड्या बांधतो. तयार भागांचे संच आता सहज मिळतात, पण मला त्यांत रस वाटत नाही. जी होडी मी किनाऱ्यावर जाऊन मोजली नाही तिची नाळ कशी वळवावी हे माझ्या हाताला ठरवता येत नाही.

महोत्सवाच्या प्रदर्शनात ती होडी मांडणार असल्याचे समजले. मांडणाऱ्यांना एवढीच विनंती आहे की तिच्यावरची धूळ कोरड्या मऊ ब्रशने झाडावी, थिनर किंवा स्पिरिट लावू नये, आणि खिडकीच्या उन्हात ठेवू नये, कारण उन्हाने हा पत्रा पिवळा आणि ठिसूळ होतो. डाव्या बाजूला, वरून दुसऱ्या सांध्यावरचे चार टाके १९९१ सालीच तुटले होते. येताना मी मेण लावलेला दोरा आणि सुई घेऊन येत आहे.