बी साइडवरचा आवाज

लंडनच्या पश्चिमेला मी जुन्या कॅसेट आणि स्पूल डिजिटल करून देण्याचं काम करते. साउथॉल, हेस, हाउन्स्लो इथली पंजाबी घरं हे माझं मुख्य गिऱ्हाईक. लग्नातल्या बोलियाँ, गुरुद्वाऱ्यातलं कीर्तन, पत्र लिहिता येत नाही म्हणून जालंधरला पाठवण्यासाठी बोलून भरलेल्या कॅसेट. बहुतेकांना एकच गोष्ट हवी असते, गेलेल्या माणसाचा आवाज.

साउथॉलच्या एका बाईंनाही, मी त्यांना दीदी म्हणते, वडिलांचा आवाज हवा होता. वडील हीथ्रोवर सामानाच्या विभागात होते आणि घरात टेपरेकॉर्डर घेऊन बसायचा त्यांना नाद होता. खोकाभर कॅसेट निघाल्या, पण बहुतेकांवर रेडिओच होता. शेवटी टीडीके कंपनीची एक नव्वद मिनिटांची कॅसेट राहिली. ए साइडवर कीर्तन. बी साइडच्या चिठ्ठीवर गुरुमुखीत एकच शब्द होता. दीदींनी तो वाचला, "मिस्टी." त्याचा अर्थ त्यांना ठाऊक नव्हता. मला मात्र लगेच कळलं, आणि मी खुर्ची पुढे ओढली.

कॅसेटमधली फेल्टची गादी निघून आली होती, त्यामुळे टेप हेडला धड चिकटत नव्हती. स्क्रू काढून दोन्ही रिळं नव्या कवचात घातली, हेडचा कोन जुळवला, खरखर दाबणारा डॉल्बी फिल्टर बंद ठेवला. प्ले दाबल्यावर आधी खोलीची घरघर आली आणि मग एका माणसाचं संथ, ठाम बोलणं. इतिहास माहीत नसेल तर आपली पुढची वाट आपल्याला ठरवता येत नाही, अशा आशयाचं. त्याच्या पाठोपाठ बास गिटार.

मिस्टी इन रूट्स. साउथॉलचाच बँड. वॉलफर्ड आणि डेल्विन या टायसन बंधूंच्या घरातून उभा राहिलेला. 'लाइव्ह ॲट द काउंटर युरोव्हिजन 79' हा त्यांचा पहिला अल्बम. त्या वर्षी युरोव्हिजन ही युरोपातली गाण्यांची स्पर्धा 31 मार्चला जेरुसलेममध्ये झाली आणि तिला उत्तर म्हणून ब्रसेल्समध्ये वेगळा मेळावा भरला. तिथल्या मंचावर वाजवलेलं हे गाणं. माझ्या मते रूट्स रेगे या जमेकन संगीतप्रकारात याच्या तोडीचं लाइव्ह रेकॉर्डिंग फार थोडं आहे. 'घेटो ऑफ द सिटी', 'हाउ लाँग जाह', 'ओह विकेड मॅन' ही सगळी गाणी सावकाश चालतात. कुणालाही घाई नाही. ऑर्गन मागे तेवत राहतो, बास दोन सुरांच्या मध्ये जागा सोडतो आणि त्या मोकळ्या जागेत राग साठत जातो. ओरडून मांडलेलं राजकारण मी पुष्कळ ऐकलं आहे. हे मात्र पाय रोवून उभ्या असलेल्या माणसांचं आहे. बीबीसी रेडिओवरचा निवेदक जॉन पील या अल्बमवर इतका लुब्ध होता की तो पुन्हा पुन्हा लावत असे, आणि त्यामुळेही तो जमेकन वस्त्यांच्या बाहेर पोहोचला.

मी साताऱ्यात वाढले. 14 एप्रिलला वस्तीतल्या कर्ण्यांवर प्रल्हाद शिंदे आणि त्यांच्या मुलांची भीमगीतं लागायची. एकाच घरातले गळे मिळून अन्यायावर गातात तेव्हा त्या गाण्याला कसलं बळ येतं, ते मला तेव्हापासून माहीत आहे. मिस्टी पहिल्यांदा ऐकला तेव्हा भाषा परकी होती, पण हे बळ ओळखीचं होतं.

ही कॅसेट मात्र तारेने उतरवलेली नव्हती. रेकॉर्ड प्लेअरच्या स्पीकरसमोर माइक ठेवून भरलेली होती. म्हणजे गाण्यासोबत अख्खी खोली आत आली होती. कुकरची शिट्टी, रडणारं बाळ, दार. आणि 'घेटो ऑफ द सिटी' चालू असताना दोन पुरुष पंजाबीत बोलायला लागले. दीदींनी माझा हात धरला. "पापाजी."

माझं पंजाबी कामापुरतं आहे, तरी एक शब्द स्वच्छ ऐकू आला: बार्नेट. पापाजी म्हणत होते की बार्नेटला पुन्हा जायचंय, पगार कापला जाणार. दुसऱ्याने विचारलं, मॅजिस्ट्रेट तोच का? तोच, असं उत्तर आलं. मग बासचा आवाज वाढला तसा पापाजींचा स्वरही चढला.

दीदींना काही बोध होईना. "बार्नेटला आमचं कोणीच नव्हतं," म्हणाल्या. मग मी मशीन थांबवलं आणि त्यांना सांगितलं.

23 एप्रिल 1979. निवडणूक दहा दिवसांवर होती आणि नॅशनल फ्रंट या वर्णद्वेषी पक्षाने साउथॉलच्या टाउन हॉलमध्ये सभा ठेवली. ज्या गावात फ्रंटला मतं मिळण्याची काही आशा नव्हती, तिथे सभा घेण्याचं कारण फक्त डिवचणं. तीन वर्षांपूर्वी, 1976 च्या जूनमध्ये, याच साउथॉलमध्ये अठरा वर्षांच्या गुरदीप सिंग चग्गरचा भोसकून खून झालेला होता. लोक रस्त्यावर आले. समोर 2,756 पोलीस होते. न्यूझीलंडहून आलेला शिक्षक ब्लेअर पीच डोक्यावरच्या फटक्याने त्या रात्री मेला. तो तेहतीस वर्षांचा होता. पार्क व्ह्यू रोडवर 'पीपल युनाइट' ही वादकांची सहकारी संस्था होती, मिस्टीचं घरच ते. जखमींना तिथे नेलं जात होतं. पोलीस आत घुसले, माणसांना मारलं, वाद्यं आणि स्पीकर फोडले. मिस्टीचा मॅनेजर क्लॅरेन्स बेकर याची कवटी फुटली आणि तो कोमात गेला. 'द रट्स' या पंक बँडची पहिली रेकॉर्ड याच पीपल युनाइटच्या लेबलवर निघाली होती. त्यांनी पुढे बेकरवर 'जाह वॉर' हे गाणं केलं.

त्या दिवशी सातशेच्या आसपास लोकांना पकडलं आणि जवळपास साडेतीनशे जणांवर खटले भरले. ते खटले साउथॉलजवळ चालवले नाहीत. लंडनच्या उत्तर टोकाला, बार्नेटच्या कोर्टात चालवले. साक्षीदारांना तिथवर जायचं तर दिवसाची मजुरी बुडायची. पीचला कोणी मारलं याचा पोलिसांचा अंतर्गत अहवाल 2010 पर्यंत दडवून ठेवला होता. स्पेशल पॅट्रोल ग्रुप या लंडन पोलिसांच्या खास तुकडीतल्या एका पोलिसाने फटका मारला असण्याची दाट शक्यता त्यात लिहिलेली आहे. शिक्षा आजवर कुणालाही झालेली नाही. हे सांगताना अजूनही माझा आवाज स्थिर राहत नाही, आणि तो राहावा असं मला वाटतही नाही.

दीदी ऐकत राहिल्या. घरात त्यांना सांगितलेलं होतं की त्या रात्री पापाजी नाइट शिफ्टला होते.

मग त्यांनी विचारलं, "गाणं काढून फक्त पापाजी ठेवता येतील?"

हल्लीचे प्रोग्रॅम गायकाचा आवाज वाद्यांपासून वेगळा करतात, पण त्यांच्या दृष्टीने वॉलफर्ड टायसनही आवाज आणि पापाजीही आवाज. म्हणून मी दुसरी वाट धरली. अल्बमची स्वच्छ प्रत घेतली, कॅसेटच्या मंद-जलद होणाऱ्या गतीशी ती तुकड्या-तुकड्याने जुळवली आणि उलटी करून वजा केली. पूर्ण वजा होत नाही, कारण भिंतींनी गाण्याचे सूर बदललेले असतात. तरी बास बराच खाली गेला. पापाजींची वाक्यं कोरडी, एकटी उरली.

दीदींनी ते ऐकलं आणि लगेच मान हलवली. त्या वाक्यांतला चढ आता विनाकारण वाटत होता. माणूस ज्याच्या जोरावर बोलत होता तेच काढून टाकलं होतं. "आधीचंच द्या," म्हणाल्या. मी टेपची खरखरही हटवली नाही, कुकरही नाही. फक्त विजेची गुणगुण काढली आणि आवाजाची पातळी सारखी केली. माझ्या धंद्यात साफसफाईचे पैसे मिळतात, पण काय राहू द्यायचं हे ठरवणं त्याहून मोठं काम आहे असं मी ठामपणे मानते.

दुसऱ्या दिवशी त्या धाकट्या भावाला घेऊन आल्या. टेपवर रडणारं बाळ तोच. त्याने शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाला, "मला माहीत होतं." तो अठराचा झाला तेव्हा पापाजींनी त्याला सांगितलं होतं. दंड झाला होता, आणि घरातल्या बायकांना कळू द्यायचं नाही असं बजावलं होतं.

दीदी भडकल्या. इतकी वर्षं? मुलगी म्हणून मला का नाही? भाऊ गप्प होता. मग त्याने हळूच सांगितलं की मिस्टीची ती रेकॉर्ड अजून त्याच्याकडे आहे, मुखपृष्ठ फाटलं तरी पापाजींनी टाकू दिली नव्हती. दीदींचं म्हणणं पडलं की कॅसेट साउथॉलच्या इतिहासाच्या एखाद्या संग्रहाला द्यावी, शाळेतल्या पोरांनी ऐकावी. भावाचं म्हणणं, पापाजींनी लपवलेलं आपण चव्हाट्यावर का आणायचं? दोघे माझ्या दुकानातच बराच वेळ भांडले, अर्धं पंजाबीत, अर्धं इंग्रजीत. शेवटी ठरलं की मूळ कॅसेट घरी राहील आणि फाइलची एक प्रत संग्रहाला जाईल, वडिलांचं नाव न देता. नोंदीत काय लिहू म्हणून मी विचारलं. भाऊ म्हणाला, "बँडचं नाव, आणि बार्नेट." दीदींनी त्यात तारीखही घालायला लावली.