हार चिओंग गाय: सिंगापूरच्या सामाजिक हॉकर स्टॉलवरची तळलेली कोंबडी

हॉकर सेंटरमधल्या (एका छताखाली खाण्याचे बरेच स्टॉल असतात ती जागा) पाटीवर 'हार चिओंग गाय' वाचून मराठी माणूस हमखास दचकतो. दचकू नका. कँटनीजमध्ये 'गाय' म्हणजे कोंबडी. 'हार चिओंग' म्हणजे मीठ घालून आंबवलेली, गुळगुळीत वाटलेली बारीक कोळंबी. तिच्यात कोंबडीचे पंख मुरवून तळायचे, एवढाच हा पदार्थ. बरणीचं झाकण उघडताच येणारा भपकारा नवख्याला झेपत नाही. पण घरात सुका जवळा भाजला जात असेल किंवा गालमो (सुकी बारीक कोळंबी) घातलेलं गोव्याचं बालचांव खाल्लं असेल, तर हा वास ओळखीचा वाटेल. गरम तेलात त्याचा उग्रपणा निघून जातो आणि खमंग खारटपणा मागे राहतो.

सिंगापूरमध्ये काही स्टॉल अपंग, वयस्क किंवा तुरुंगातून सुटून आलेल्या माणसांना हाताशी धरून चालतात. हेच सामाजिक स्टॉल. कोह सेंग चून यांनी २०१० मध्ये सुरू केलेलं 'डिग्निटी किचन' हे त्यातलं ठळक नाव. तिथे अपंग आणि वंचित माणसांना हॉकरचा धंदा शिकवला जातो. शिक्षा भोगून आलेल्यांना समाजाने पुन्हा सामावून घ्यावं म्हणून 'यलो रिबन' मोहीम २००४ पासून चालू आहे. अशा स्टॉलवर जाताना एक पथ्य पाळावं: काम चांगलं आहे म्हणून मऊ पडलेलं आवरण गोड मानून घेऊ नये. तिथला माणूस धंदा शिकतोय. त्याला गिऱ्हाइकाचं खरं मत मिळालंच पाहिजे.

शिकवायला हा पदार्थ सोयीचा आहे. चव आदल्या रात्रीच्या मापात ठरते आणि कुरकुरीतपणा तापमान व वेळ यांवर ठरतो. हाताच्या अंदाजावर फार थोडं उरतं. मसाल्याचं माप एका ठरलेल्या डावाने घेता येतं, एका घाण्यात किती तुकडे ते आधीच मोजून ठेवता येतात. ऐकू न येणाऱ्यासाठी घंटेऐवजी दिवा लागणारा टायमर पुरतो. अवघड जागा एकच, ती म्हणजे गरम तेलाजवळची ये-जा. एका हाताने काम करणाऱ्याला जड जाळी उचलायला लावणं धोक्याचं, म्हणून घाणे लहान ठेवावेत. एका वेळी तुकडे कमी निघतात, पण तेलही थंड पडत नाही.

आता माप. १ किलो पंखांना (टोकं काढून, सांध्यावर दोन तुकडे करून) २ मोठे चमचे कोळंबीची पेस्ट, १ मोठा चमचा ऑयस्टर सॉस, १ मोठा चमचा शाओशिंग वाइन (तांदळापासून केलेली चिनी दारू), १ चमचा साखर, १ चमचा तिळाचं तेल, अर्धा चमचा पांढरी मिरपूड आणि थोडा आल्याचा रस. मीठ अजिबात नको, पेस्टमध्येच भरपूर असतं. पेस्ट बरणीतली, करड्या-गुलाबी रंगाची, सैलसर घ्यावी. बेलाचनची (कोळंबीच्याच मलाय पद्धतीच्या पेस्टची) घट्ट वडी इथे चालत नाही. तिची चव वेगळी, आणि ती नीट विरघळतही नाही. फ्रिजमध्ये ४ तास तरी मुरवावं, रात्रभर उत्तम. त्याहून जास्त ठेवलं तर खारटपणा हाडापर्यंत जातो.

तळायच्या आधी त्यातच १ अंडं, ६ मोठे चमचे बटाट्याचं स्टार्च, ३ चमचे मैदा आणि लागेल तसं थंड पाणी घालावं. पीठ तुकड्याला चिकटून राहील इतपत दाट हवं, भज्यांसारखं जाड नको. पहिली तळणी १६० अंशांवर ७ मिनिटं. मग जाळीवर ५ मिनिटं विश्रांती. या वेळात आतली वाफ बाहेर पडते. दुसरी तळणी १९० अंशांवर १ ते दीड मिनिट. विश्रांती गाळली की आतली वाफ आवरण मऊ करते, आणि गिऱ्हाईक म्हणतं, 'पाच मिनिटांत चिवट झालं.'

बाहेरून काळं आणि आत कच्चं निघालं, तर साखर जास्त पडली किंवा तेल सुरुवातीलाच फार तापलं. तेलकट निघालं, तर एका घाण्यात तुकडे जास्त पडले. हाडाजवळ लालसर दिसलं म्हणजे कोंबडी कच्चीच, असं मात्र नाही. कोवळ्या कोंबडीचं हाड गोठवलं की मज्जेतला रंग बाहेर झिरपतो. खात्री थर्मामीटरनेच करावी, हाडाला न टेकवता मांसात ७५ अंश. स्टॉलवर तापमापक लटकलेला दिसला तर तिथलं प्रशिक्षण मनापासून चाललंय असं समजायला हरकत नाही.

खाताना आधी नुसता तुकडा खावा, चिली सॉस नंतर. वर लिंबू पिळलं तर खारटपणा सौम्य होतो. हलाल खाणाऱ्यांनी शाओशिंग वाइनबद्दल विचारावं. स्टॉलवर एमयूआयएसचं (सिंगापूरच्या इस्लामी धार्मिक परिषदेचं) हलाल प्रमाणपत्र असेल तर प्रश्नच मिटला.

बाकी रिवाज सोपे. टेबलावर टिश्यूचं पाकीट दिसलं तर जागा धरलेली आहे. हाक 'अंकल', 'आंटी' अशीच मारायची. कर्णबधिर माणूस ऑर्डर घेत असेल आणि खुणांचा फलक लावलेला असेल, तर आधी तो वाचावा, मग बोटाने पदार्थ दाखवावा. बोलायचं त्याच्याशीच, त्याच्या शेजाऱ्याशी नाही. टीप ठेवण्याची इथे पद्धत नाही. आणि १ सप्टेंबर २०२१ पासून हॉकर सेंटरमध्ये आपला ट्रे आपणच परत ठेवणं सक्तीचं आहे, तेव्हा हाडं आणि टिश्यू टेबलावर तशीच टाकून उठू नये.