पेठ नाक्यावरची खिचडी आणि गावाकडचं रेशनकार्ड

कापणीच्या सणाला आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, वेदीपुढे धान्य, भाजीपाला येतो आणि उपासनेनंतर त्याचा लिलाव होतो. यंदा ठरलं, धान्य विकायचं नाही. नाशिकच्या पेठ नाक्यावरच्या मजुरांसाठी शिजवायचं. पेठ-सुरगाण्याहून द्राक्षबागांच्या कामाला कुटुंबंच्या कुटुंबं येतात. हाताला काम नाही त्या दिवशी चूल पेटत नाही. कमिटीत खर्चावरून कुरकुर झाली, तेव्हा एका वडीलधाऱ्यांनी आठवण दिली, की एकोणिसाव्या शतकात आफ्रिकेतल्या गुलामगिरीतून सुटलेल्या मुलांना आपल्याच नाशिकच्या शरणपुरात आसरा मिळाला होता. मग कोणी काही बोललं नाही.

जेवणासोबत धर्माच्या पुस्तिका वाटायच्या नाहीत, हे पाळकसाहेबांनी पहिल्याच बैठकीत बजावलं. मला ते मनापासून पटलं. भुकेल्या माणसावर काही ऐकून घ्यायची सक्ती नको.

महिला संघाने खिचडी केली. जेवण संध्याकाळी आणा, हे नाक्यावरच्या मजूर बायकांनीच सांगितलं. सकाळी नाक्यावर गाडी आली की ताट टाकून पळावं लागतं.

वाढताना एकीला विचारलं, "रेशन मिळत नाही का?"

"कार्ड हाय ताई, पण दुकान गावाकडं."

खरं तर अन्नसुरक्षेच्या यादीतल्या प्राधान्य कुटुंबाला माणशी 5 किलो, अंत्योदय कार्डाला 35 किलो धान्य मिळतं, तेही मोफत आणि कुठल्याही रेशन दुकानात. तिला घेऊन गेले. दुकानदार म्हणाला, "आमच्या यादीत नाव नाही." मी तिथूनच रेशनच्या हेल्पलाइनला, 1967 वर फोन लावला, तक्रार नोंदवते म्हणाले, तेव्हा त्याने कार्डाचा बारा आकडी नंबर मशीनवर टाकला. नाव लगेच आलं! पण कामाने झिजलेला तिचा अंगठा उमटेना. त्याच कार्डावर नाव असलेल्या तिच्या नवऱ्याला बोलावलं, त्याचा अंगठा लागला. तिच्या पिशवीत तांदूळ पडले तेव्हा मला रडू आवरलं नाही.

आमची खिचडी एका संध्याकाळची, हे धान्य महिनाभराचं आणि त्यांच्या हक्काचं. म्हणून आता वाढायला जाताना वहीही नेतो. कार्ड नंबर लिहून घेतो आणि तरुण संघातली मुलं त्यांच्यासोबत दुकानात जातात. काहींचं ई-केवायसी (आधारवरून ओळख पटवणं) राहिलंय, त्यांचं धान्य अडकलंय. ते होईपर्यंत कोरडा शिधा मंडळीतूनच द्यायचा, असं ठरलंय.