तुम्ही विचारलंत म्हणून: पहिल्या रांगेलाही पूर्ण वारा का मिळत नाही?

गोव्यात समुद्रातल्या पवनचक्क्यांचा विषय निघाला की हा प्रश्न हमखास येतो. मागच्या चक्क्यांना कमी वारा मिळतो हे पटतं, पण पुढच्या रांगेचं काय? तिलाही थोडा कमीच मिळतो. २०१९ मध्ये डेन्मार्कच्या ओर्स्टेड कंपनीने जाहीरच केलं होतं, की वीजनिर्मितीच्या अंदाजात ही घट कमी धरली गेली होती.

फिरणारा रोटर, म्हणजे पात्यांचं चक्र, वाऱ्याला अडवतो, समोर दाब वाढतो आणि येणारी हवा आधीच मंदावते. एकट्या चक्कीचा हिशेब सोपा. थ्रस्ट गुणांक, म्हणजे रोटर वाऱ्याला किती जोराने अडवतो त्याचं माप, ०.८ धरला तर रोटरच्या अडीच व्यास पुढे वेग जेमतेम अर्धा टक्का घटतो. पण शंभर चक्क्यांची नुसती बेरीज केली तर फसगत होते, कारण तिच्यात वरचं झाकण नसतं.

झाकण म्हणजे काही शे मीटरवरचा उबदार हवेचा थर. चक्क्यांमुळे वर सरकलेली हवा तो उचलते, त्याखाली थंड, जड हवा साचते आणि दाब आणखी वाढतो. वारा सेकंदाला ८ मीटर, झाकण ५०० मीटरवर, तिथे तापमानाची उडी ५ अंश, असं धरलं तर फ्रूड क्रमांक, म्हणजे वाऱ्याचा वेग भागिले झाकणावरच्या लाटांचा वेग, ०.९ च्या आसपास येतो. तो एकाखाली गेला की थरातल्या लाटा वाऱ्याविरुद्ध जातात आणि मंदी कित्येक किलोमीटर आधीच सुरू होते. वेग दोन टक्के घटला तर वीज साधारण सहा टक्के घटते.

ही घट मोजायला संगणकावरचं वाऱ्याचं मॉडेल दोनदा चालवायचं, चक्क्यांसह आणि चक्क्यांविना. दोन्ही वेळा सह्याद्री हवाच. तो स्वतःच मोसमी वाऱ्याला समुद्रावर अडवतो. फक्त चक्क्यांसहच्या फेरीत घेतला तर घाटाचं पाप चक्क्यांच्या माथी. मॉडेलमधली वाऱ्याच्या प्रवेशाची कड चक्क्यांजवळ ठेवू नका, तिथला वेग आपणच बांधलेला असतो, मंदी उमटायला जागाच उरत नाही. बाजूच्या भिंती जवळ असतील तर हवा वळसा घालू शकत नाही. सगळ्यांत जास्त घोळ छताशी, म्हणजे मॉडेलच्या वरच्या कडेशी, होतो. लाटा त्यावर आपटून परततात आणि खोटा दाब तयार करतात. वरच्या हवेत या लाटांची उभी लांबी सुमारे ५ किलोमीटर असते, म्हणून छताखालचा शोषक थर, म्हणजे लाटा जिरवणारा पट्टा, निदान तेवढा जाड हवा.

वर्षभरासाठी एकच सरासरी झाकण घेणं मला तरी अजिबात मान्य नाही. पावसाळ्यात ते पश्चिम अरबी समुद्रावर घट्ट असतं, आपल्या किनाऱ्याकडे येताना विरत जातं. कोरड्या महिन्यांत चित्र निराळं. पणजीच्या वेधशाळेतल्या हवामान-फुग्यांच्या नोंदी ऋतुवार वेगळ्या काढा आणि प्रत्येक ऋतूसाठी मॉडेलची ही जोडी नव्याने चालवा. मात्र त्या नोंदी किनाऱ्यावरच्या आहेत, खोल समुद्रातल्या नाहीत.