खिलाराचा कान

शिंगाच्या कर्करोगाचा बैल लांबूनच ओळखू येतो. मान एका अंगाला कललेली, त्याच बाजूच्या नाकपुडीतून रक्त, शिंग धरलं की डुगडुगतं. सांगोल्याकडच्या त्या आठ वर्षांच्या खिलाराचं उजवं शिंग मुळापासून कापायचं होतं. गुंगीचं औषध दवाखान्यात महिनाभर नव्हतं. मागण्या लिहून हात दुखले.

बैल खोड्यात घेतला. डोळ्याचा बाहेरचा कोपरा आणि शिंगाचं बूड यांच्या मधोमध, कपाळाच्या हाडाच्या कडेखाली 2 टक्के लिग्नोकेन, तेवढाच भाग बधिर करणारं औषध, सोडलं. शिंगाची मुख्य नस तिथून जाते. औषध चढेपर्यंत मालकाच्या नातवाने मोबाइल दाखवला. रात्री त्याने एआयला बैलाचं विचारलं होतं. उत्तर आलं होतं, ‘त्याच्या वेदना मला जाणवतात.’ पोराला ते खरंच वाटत होतं. मी म्हणालो, अरे, ते माणसांचं लिहिलेलं वाचून तसं बोलायला शिकलंय.

शिंगापुढे सुई टोचून पाहिली, बैल हलला नाही. कातडीवर चीर घेत मागच्या बाजूला आलो, तर वेसण धरलेले आजोबा म्हणाले, "सायेब, थांबा. लागतंय ह्याला."

"निमूट उभा आहे की."

"कान बघा त्याचा."

उजवा कान मागे ताठ दाबलेला. डोळ्यावर कातडीच्या घड्या. श्वास रोखलेला.

जाड बुडाच्या शिंगाला मागून मानेकडच्या नसांचे फाटे येतात, म्हणून बुडाभोवती गोल टोचावं लागतं. मला ते माहीत होतं. पण ‘जनावर उभं राहिलं म्हणजे बधिर झालं’ हे वरिष्ठांचं शिकवणं हातात मुरलेलं. ते चूक आहे. शिकारी प्राण्यांच्या भीतीत घडलेली जात दुखणं लपवते.

गोल टोचलं, पुन्हा थांबलो. कान हळूहळू सैल पडला. माशी बसली, ती त्याने झटकली. मग तारेची करवत लावली. शिंग पडलं तसा कपाळाच्या पोकळीतून ऊन श्वास भोकावाटे बाहेर आला. आजोबांनी तिथे हात धरला. येत्या बेंदराला एकच शिंग रंगवायचं, एवढंच बोलले.

सस्तन प्राण्यांच्या मेंदूत जाणिवेला लागणारी रचना आहे, हे शास्त्रज्ञांनी 2012 साली केंब्रिजला जाहीर केलं. आमच्या 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंध कायद्याचं कलम 11 मात्र खच्चीकरण, डागणं, वेसण टोचणं ठरल्या पद्धतीने झालं तर क्रूरता मानत नाही. भूल दिलीच पाहिजे, असं त्या कलमात नाही.

पोराने मोबाइलच्या एका वाक्यावर विश्वास ठेवला, म्हणून मी त्याला समजावत होतो. आणि समोरच्या बैलाचा कान मला दुसऱ्याने दाखवावा लागला. एकोणीस वर्षांत माझ्यापुढे किती बैल असे निमूट उभे राहिले असतील?

तासाभराने तो रवंथ करू लागला.