हर्णैच्या पोरांना बर्फ कशाला?

"सर, आमच्याकडे बर्फ म्हणजे कारखान्यातली लादी. फोडायची आणि मासळीवर घालायची. पोरांना हिमालयातला बर्फ शिकवून काय करायचंय?" पालकसभेत, लग्नाच्या पंगतीत, एसटीच्या थांब्यावर, कुठेही गाठून लोक हे विचारतात. आता तुम्हीही विचारलंत म्हणून सांगतो.

घाईत असलो की मी ब्लॅनफर्डचं नाव पुढे करतो. हेन्री ब्लॅनफर्ड हा भारतीय हवामान खात्याचा पहिला प्रमुख. हिमालयात बर्फ जास्त पडला की पुढचा पावसाळा कमजोर जातो, असं त्याने १८८४ साली मांडलं. ते नातं पुढे तितकं सरळ राहिलं नाही, पण पावसाचा विषय निघाला की कोकणातला माणूस गप्प बसतो. खरं कारण वेगळंच आहे.

टेरा उपग्रहावरचं मॉडिस हे उपकरण २००० सालापासून जवळजवळ रोज सगळी पृथ्वी पाहतं. कुठे किती टक्के जमीन बर्फाखाली आहे, याचे त्यावरून केलेले नकाशे नासा फुकट देते. त्यातला हिमालय-तिबेटचा तुकडा मी आठवीच्या वर्गासाठी ग्राफ पेपरवर उतरवला. चौकोनात शून्य ते शंभर आकडा, बारा महिने, बारा गट. रंगवायचं, मोबाइलवर फोटो काढायचे, एकामागून एक पळवायचे. झालं चलचित्र.

पहिलं भांडण रंगावरून. बर्फ पांढरा, कागदही पांढरा. मग कोरा चौकोन म्हणजे भरपूर बर्फ, की रंगवायचा राहिलाय? शेवटी ठरलं, उघडी जमीन जांभ्यासारखी लाल, बर्फ जितका जास्त तितका निळा गडद, आणि माहितीच नसेल तिथे राखाडी. तरी मार्चवाल्यांनी घरून स्वतःचा निळा आणलाच. फेब्रुवारीपेक्षा मार्चात बर्फ वाढलेला दिसला तो त्या खडूमुळे.

मग फोटो जोडले. जानेवारीनंतर बर्फ एकदम आटला, हळूहळू परत वाढला आणि मग फेब्रुवारीपासून गुमान वितळायला लागला. वर्ग ओरडला, "सर, हा बर्फ येडा झालाय!" फाइलींना नावं दिली होती १, २, ३ अशी, आणि संगणकाने एकनंतर थेट दहा, अकरा, बारा घेतले, मग दोन. ०१, ०२ असं लिहिल्यावर बर्फ शहाणा झाला. ही चूक मी आधी हेरली होती. बोललो नाही, इतकंच.

महिन्याच्या नकाशात अनेक दिवस एकत्र केलेले असतात, त्यामुळे ढग बरेचसे गाळले जातात. म्हणून मुद्दाम जुलैतल्या एकाच दिवसाचा नकाशा दिला. ढगांमुळे पूर्व हिमालय जवळजवळ कोराच. बर्फ आणि ढग आपल्या डोळ्यांना दोन्ही पांढरे. पण आपल्याला न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशाच्या एका पट्ट्यात बर्फ काळपट दिसतो, ढग मात्र चमकतात. उपग्रह त्यावरून दोन्ही वेगळे ओळखतो. पण ढगाखाली काय आहे, ते त्यालाही दिसत नाही.

एका मुलीने त्या सगळ्या चौकोनांत शून्य लिहिलं. शेजारी बसलेल्या पोराच्या घरची बोट आहे. त्याच्या पप्पांच्या मोबाइलवर हैदराबादच्या इन्कॉइसचा, म्हणजे समुद्राची माहिती देणाऱ्या सरकारी संस्थेचा, मासळी कुठे मिळेल याचा अंदाज येतो. समुद्राचं तापमान आणि पाण्यातलं हरितद्रव्य उपग्रहावरून पाहून तो काढतात. तो म्हणाला, "शून्य नको लिहू. ढग आला की आमचा पण नकाशा येत नाय. म्हणून काय समुद्रात मासळी नसते?"

मला जे शिकवायला दोन तास लागले असते, ते त्याने तिथल्या तिथे उरकलं.

तिने शून्यं खोडायला घेतली. बाहेर पाऊस कोसळत होता, वीज गेलेली. राखाडी खडू कधीच संपला होता, म्हणून पेन्सिल आडवी धरून ती एकेक चौकोन घासत बसली.